एअर पिस्तुलाचे छर्रे निवडताना आणि तपासताना: कशानंतर काय करायचं

रेंजवर एखाद्याचा स्कोअर सलग दोन आठवडे घसरला की तिसऱ्या आठवड्यात त्याच्या टेबलावर छऱ्यांचा नवा डबा दिसतो. डबा उघडतो, हातात पिस्तूल धरून दहा शॉट मारतो, त्यातले सात दहाच्या वर्तुळात जातात, आणि ‘हेच छर्रे आपले’ असा निकाल लागतो. पुढच्या आठवड्यात स्कोअर पुन्हा जिथे होता तिथे.

मी स्वतः हेच केलंय, तेही मोठ्या थाटात. एका लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या छऱ्यांचा, एक झकास ग्रुप पडला, सगळी भोकं जवळजवळ, म्हणून वीस डबे एकदम घेतले आणि दोन महिने त्यांच्यावर शंका घेत राहिले. शेवटी कळलं की मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, एक स्क्रू अर्धा आटा सैल होता. छर्रे बिचारे ठीकच होते.

चूक एकाच जागी होते, क्रमात. पिस्तूल तपासायच्या आधी छर्रे तपासले जातात आणि हाताने मारलेल्या ग्रुपवरून छऱ्याचा निकाल लावला जातो. खालचा क्रम १० मीटर एअर पिस्तुलासाठी, ४.५ मिमी छऱ्यांसाठी आहे. दाबाच्या हवेचं सिलिंडर असलेलं पिस्तूल मी गृहीत धरलंय. एका खटक्यात हवा भरणाऱ्या पिस्तुलाला दाबाचं प्रकरण सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

## आधी हिशेब: किती फरक पडणार आहे?

पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं. छर्रा ४.५ मिमीचा, आणि रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत आलं की दहा. आता समजा तुमच्या हाताचा ग्रुप, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर, ४० मिमीचा आहे. एक छर्रा शिकंज्यात, म्हणजे पिस्तूल हलू न देता पकडणाऱ्या साधनात, ३ मिमीचा ग्रुप देतो, दुसरा ५ मिमीचा. हाताची चूक आणि छऱ्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. पहिल्या छऱ्याने तुमचा ग्रुप ४०.१ मिमी होतो, दुसऱ्याने ४०.३. हा फरक कुठल्याच स्कोअरकार्डावर दिसणार नाही.

मग तपासायचं कशाला? दोन कारणांसाठी. काही लॉट तुमच्या नळीत खरोखर वाईट चालतात, १० ते १२ मिमीचे ग्रुप देतात आणि मधूनच एखादा छर्रा भलतीकडे टाकतात. ते बाहेर काढायचे. दुसरं म्हणजे शॉट नऊला गेला की ‘मी की छर्रा?’ हा प्रश्न डोक्यातून जायला हवा. नवशिक्या नेमबाजाने वाईट लॉट बाहेर काढला की थांबावं. त्यापुढची बारीक निवड ज्यांचा हात स्थिरावलाय त्यांच्यासाठी.

## १. पिस्तूल तपासा

पिस्तूल रिकामं आहे याची डोळ्यांनी खात्री करा, नळीत सुरक्षा दोरी (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी) घाला, आणि मग एकेक स्क्रू हाताळा. मागची साइट, पुढची साइट, ग्रिपचा बोल्ट, नळी धरून ठेवणारे स्क्रू. कंपनीच्या पुस्तिकेत जितका ताण दिलाय तितकाच द्या. ‘अजून थोडं’ म्हणून पिळलेला स्क्रू सैल स्क्रूइतकाच त्रास देतो.

छर्रा आत ढकलणाऱ्या दांड्याजवळचं रबरी ओ-रिंग बघा. चिरलेलं, चपटं झालेलं किंवा शिशाच्या चुऱ्याने माखलेलं असेल तर तिथून हवा गळते आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा पडतो.

सिलिंडरची मुदत त्यावर कोरलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर चाचणीलाच काय, कशालाच वापरू नका. भरताना सिलिंडरवर लिहिलेला कमाल दाब ओलांडू नका, बहुतेकांवर तो २०० बार असतो. आणि फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही. उच्च दाबाखाली तेलाचा अंश आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

पुढे जाण्याआधी: नळीचं टोक दोन बोटांनी धरून हलक्या हाताने हलवून बघा. केसभरसुद्धा हलत असेल तर आज छर्रे तपासायचे नाहीत, पिस्तूल दुरुस्त करायचं.

## २. नळी साफ करा, मग तिला पुन्हा ‘बसू’ द्या

साफ करायची दोरी नेहमी छर्रा भरायच्या बाजूने घालून तोंडाकडून ओढायची, उलटी कधीच नाही. तोंडाची कड हा नळीचा सगळ्यात नाजूक भाग. छर्रा शेवटी तिथूनच सुटतो, आणि एका बाजूला ओरखडा पडला तर हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छऱ्याला ढकलते. लोखंडी गज तर घरातच ठेवू नका.

कापडाचा किंवा फेल्टचा तुकडा पांढरा निघेपर्यंत ओढा. शेवटचा तुकडा कोरडा हवा. तेलाचा थर राहिला तर पहिले कितीतरी शॉट भरकटतात.

इथली नेहमीची चूक अशी की साफ केल्याबरोबर पहिला ग्रुप मोजायला घेतात. घासून लखलखीत केलेल्या नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा बसायला वेळ लागतो. निदान २० छर्रे नुसते मारा, मोजू नका. आणि एकदा चाचणी सुरू झाली की मध्ये नळी साफ करायची नाही, नाहीतर आधीचे आणि नंतरचे ग्रुप एकमेकांशी ताडता येत नाहीत.

## ३. कोणते छर्रे चाचणीला घ्यायचे

कागदी टार्गेटसाठी चपट्या तोंडाचेच छर्रे. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार किंवा गोल तोंडाचे कागद फाडतात आणि गुण ठरवताना वाद होतात.

डब्यावर तीन गोष्टी बघायच्या.

वजन. पिस्तुलाचे हलके छर्रे साधारण ०.४५ ग्रॅम म्हणजे ७ ग्रेनचे, आणि जड ०.५३ ग्रॅम म्हणजे ८.२ ग्रेनचे मिळतात. हलका छर्रा नळीतून लवकर बाहेर पडतो, म्हणून पिस्तुलासाठी तोच बरा, असं पुष्कळ जण सांगतात. असेल. पण तुमच्या नळीला कोणता मानवतो हे दोन्ही मारून बघितल्याशिवाय कळत नाही.

डोक्याचा व्यास. ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ अशी मापं स्टिकरवर असतात. एका कंपनीचा ४.५० दुसऱ्या कंपनीच्या ४.५० सारखाच चालेल असं धरू नका.

लॉट नंबर. सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात कमी जण हाच बघतात. छर्रे साच्यातून निघतात. साचा झिजतो, बदलतो. तुमच्या मित्राला लाभलेले ‘तेच छर्रे’ दुसऱ्या लॉटचे असतील तर ते तेच छर्रे नव्हेत. डब्याचं झाकण हरवतं, म्हणून नंबर बुडावरही लिहून ठेवा.

पहिल्या फेरीला चार ते सहा लॉट पुरेत. दहा-बारा घेऊन बसलात तर दुपारपर्यंत तुमची शिस्त सुटेल, आणि शिस्त सुटलेल्या चाचणीपेक्षा चाचणी न केलेली बरी.

## ४. मारण्याआधी नजरेखालून घाला

प्रत्येक डब्यातून ४० छर्रे पांढऱ्या कागदावर ओता. ओता म्हणजे हळू कलंडवा. छर्रा मऊ शिशाचा असतो, आपटला की मागचा पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात, तो वाकतो. हाच घेर हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसतो. तो वाकलेला असेल तर हवा एका बाजूने निसटते.

काचेच्या तुकड्यावर छर्रा घरंगळत सोडा. छर्रा दोन कडांवर टेकून घरंगळतो, घेर डोक्यापेक्षा मोठा, म्हणून तो कमानीत वळतो. चांगला छर्रा एकसारखी कमान काढतो. घेर चेपलेला छर्रा चालताना लंगडतो, मध्येच ठेचकाळतो. एकदा डोळ्याला ओळख पटली की वाकडा छर्रा वेगळा काढायला क्षणही लागत नाही.

०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर वजन करा. नसेल तर त्यासाठी विकत घेऊ नका. एका डब्यात ०.०१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या लॉटबद्दल थोडा संशय धरा, एवढंच. वजनावरून छर्रे वेगळे करत रात्री जागवणारे मी पाहिलेत. त्यांचे स्कोअर माझ्या काही नजरेत भरले नाहीत.

टाळा: छर्रे धुणं, त्यांना तेल लावणं, जुने मारलेले छर्रे पुन्हा वापरणं. पांढुरकी भुकटी धरलेले छर्रे चाचणीतून बाद.

## ५. पिस्तूल पक्कं बांधा

हाताने छर्रे तपासता येत नाहीत. हाताचा ४० मिमीचा ग्रुप म्हणजे गोंगाट, आणि छऱ्यांमधला २ मिमीचा फरक म्हणजे त्या गोंगाटातली कुजबूज.

पिस्तुलासाठी बनवलेला शिकंजा मिळाला तर उत्तम. ग्रिप काढून सांगाडा त्यात पकडतात. नळी पकडू नका, ती वाकते आणि तुम्ही छर्रा नाही तर शिकंजा मोजता. सिलिंडर पकडू नका, त्यात दाब आहे. शिकंजा जड टेबलाला बोल्टने घट्ट हवा, आणि टेबल हलत नाही ना हे बघायला त्यावर पाण्याचा पेला ठेवून ट्रिगर दाबून पाहा. पाणी थरथरलं तर टेबलाचे पाय आधी बघा.

शिकंजा नसेल तर वाळूच्या पिशव्या. एक पुढे सांगाड्याखाली, एक ग्रिपखाली, दोन्ही हातांनी धरून. यात ग्रुप मोठा येतो, म्हणून ग्रुपची संख्या दुप्पट करा. वाईट लॉट ओळखायला एवढं पुरतं. दोन चांगल्या लॉटमध्ये निवड करायला पुरत नाही.

शिकंज्यात बांधलेलं पिस्तूलही पिस्तूलच असतं. तोंड सतत टार्गेटच्या दिशेला, मागे छर्रा अडवणारा सापळा, डोळ्यांवर चष्मा, आणि पुढे कोणी जाणार असेल तर नळी रिकामी आणि सुरक्षा दोरी आत. ‘बांधलेलंच तर आहे’ म्हणून टार्गेट बदलायला मध्येच पुढे जाणारा माणूस मी एकदा ओरडून थांबवलाय.

## ६. मारण्याचा क्रम

सगळी चाचणी इथे बिघडते. लोक काय करतात? पहिल्या लॉटचे पाच ग्रुप, मग दुसऱ्याचे पाच, मग तिसऱ्याचे. तोवर सिलिंडरचा दाब उतरलेला, नळी जास्त मळलेली, मारणारा कंटाळलेला. शेवटचा लॉट हरतो आणि त्याचा दोष काहीच नसतो.

त्याऐवजी असं करा.

१. सुरुवातीला छर्रा न भरता दोन-तीन वेळा नुसती हवा सोडा. बराच वेळ पडून राहिलेल्या पिस्तुलात नियंत्रकाचा, म्हणजे सिलिंडरची हवा ठरावीक दाबावर आणणाऱ्या भागाचा, दाब किंचित चढलेला असतो आणि पहिला शॉट वेगळा जातो.

२. लॉटला अ, ब, क, ड अशी नावं द्या. पहिली फेरी अ-ब-क-ड, दुसरी ड-क-ब-अ, तिसरी पुन्हा सरळ. प्रत्येक लॉटचे निदान पाच ग्रुप होईपर्यंत.

३. लॉट बदलला की आधी ३ छर्रे वेगळ्या कागदावर मारा. नळीतला थर नव्या छऱ्याच्या सवयीचा होऊ द्या. मग ५ शॉटचा ग्रुप नव्या टार्गेटवर.

४. टार्गेटच्या मागे लगेच लिहा: लॉट, ग्रुप क्रमांक, दाब, वेळ. ‘नंतर लिहू’ म्हटलेलं टार्गेट बिनवारसाचं होतं.

५. सिलिंडर ठरावीक पट्ट्यातच वापरा. मी १८० ते १०० बारमध्ये थांबते.

६. सगळे छर्रे सारख्याच हाताने, सारख्याच जोराने आत ढकला. घेर कडेला घासला असं वाटलं तर तो छर्रा टाकून द्या.

जमलं तर दुसऱ्या माणसाला छर्रे वाट्यांमध्ये भरून द्यायला सांगा आणि कोणत्या वाटीत कोणता लॉट हे स्वतःला कळू देऊ नका. महागड्या डब्याकडे मन झुकतं. शिकंज्यात बांधलेल्या पिस्तुलावरही झुकतं. नको असलेला शॉट ‘हा ढकलताना वाकला असणार’ म्हणून सोडून दिला जातो.

नियम: मारलेला शॉट मोजायचाच. टाकून द्यायचा असेल तर मारण्याआधी टाका.

## ७. मोजणी, आणि तिच्यातला सापळा

व्हर्निअर कॅलिपरने सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा. त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. ४.५ मिमी डोळे मिटून वजा करू नका. कागदातलं भोक छऱ्यापेक्षा थोडं लहान भरतं. त्याच कागदावर एकटं पडलेलं भोक मोजा आणि तो आकडा वापरा.

समजा असे आकडे आले, मिलिमीटरमध्ये:

अ: ३.१, २.४, ३.८, २.९, ३.३. सरासरी ३.१.
ब: १.८, ४.९, ३.६, ४.४, ३.८. सरासरी ३.७.
क: ५.२, ४.६, ६.१, ४.९, ५.७. सरासरी ५.३.

सगळ्यात लहान ग्रुप ब चा आहे, १.८. रेंजवर हाच ग्रुप मोबाइलवर फोटो काढून फिरवला जातो, आणि हाच सापळा. सर्वांत लहान ग्रुप हा नशिबाचा भाग असतो. सरासरी बघा, आणि सर्वांत मोठा ग्रुप बघा.

क बाद, यात शंका नाही. त्याचा सगळ्यात चांगला ग्रुपसुद्धा अ च्या सगळ्यात वाईट ग्रुपपेक्षा मोठा आहे. पण अ आणि ब मधला ०.६ मिमीचा फरक पाच ग्रुपवर ठरत नाही. पाच शॉटचे ग्रुप एकाच छऱ्याचे असले तरी सरासरीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त इकडेतिकडे सहज होतात. दोघांचे आणखी पाच-पाच ग्रुप मारा. फरक टिकला तर अ घ्या. मिटला तर जो लॉट जास्त मिळतो तो घ्या.

पाच शॉटचा ग्रुप दहा शॉटच्या ग्रुपशी ताडू नका. शॉट वाढले की ग्रुप वाढतोच; दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरीने साधारण सव्वापट येतो, छर्रे तेच असले तरी.

## ८. वेगमापक असेल तर

वेगमापक यंत्र असेल तर शेवटच्या दोन लॉटचे दहा-दहा शॉट त्यातून मारा. वेग किती यापेक्षा तो किती हलतो हे बघायचं.

एक हिशेब जवळ ठेवा. छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने गेला तर १० मीटरवर पोहोचेपर्यंत तो सुमारे २१.८ मिमी खाली येतो. वेग १४७ झाला तर सुमारे २२.७ मिमी. म्हणजे ३ मीटरचा फरक कागदावर १ मिमीसुद्धा नाही. तुमचा ग्रुप उभा, ६ मिमी लांब पडत असेल आणि वेग एवढाच हलत असेल, तर दोष वेगात शोधू नका. शिकंजा किंवा टेबल बघा. वेग १० मीटरने वरखाली होत असेल तर मात्र छर्रे ठेवा बाजूला आणि पिस्तुलाचा नियंत्रक आणि ओ-रिंग तपासायला द्या.

## ९. हातात घेऊन पडताळा

ग्रिप बसवा, साइट पुन्हा लावा. लॉट बदलला की ग्रुपचं केंद्र थोडं सरकतं, तेव्हा साइटचे क्लिक करावे लागतीलच. त्याला छऱ्याचा दोष म्हणू नका. निवडलेल्या लॉटने ६० शॉटची पूर्ण फेरी मारा, ७५ मिनिटांत, सामन्यात मारता तशी. इथे स्कोअर बघायचा नाही. छर्रा भरताना अडकतो का, हाताला न पटलेला शॉट नेमका कुठे जातो, हे बघायचं. ‘हा चांगला सुटला’ असं वाटलेला शॉट वारंवार आठात जात असेल तर पाचव्या टप्प्यावर परत या.

## १०. विकत घेणं आणि ठेवणं

लॉट ठरला की त्याच दिवशी पुरेसा साठा घ्या, कारण तो लॉट पुन्हा मिळेलच असं नाही. एका सरावाला किती छर्रे लागतात ते मोजा, सामन्यांपर्यंतचे सराव गुणा, वर थोडे धरा. आलेल्या प्रत्येक डब्यावरचा नंबर दुकानातच वाचा. वरचे दोन डबे एका लॉटचे आणि खालचे दुसऱ्या, असं माझ्या बाबतीत झालंय.

डबे कोरड्या जागी, मूळ फोमसकट, आडवे ठेवा. पिशवीत सुटे टाकलेले छर्रे घरी पोहोचेपर्यंत एकमेकांचे घेर चेपतात. सरावाला जाताना लागतील तेवढेच छोट्या डबीत काढा आणि डबी गच्च भरा, म्हणजे आत खुळखुळणार नाहीत.

शिसं विषारी असतं. छर्रे ओठांत धरायची सवय असेल तर आजच सोडा. मारताना खाऊ-पिऊ नका, नंतर साबणाने हात धुवा, आणि छऱ्यांचा सापळा रिकामा करताना धूळ उडू देऊ नका: ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. ते फडकं घरच्या धुण्यात टाकायचं नाही.